आडवा चाकवत

आपल्या मराठी मंडळाच्या संपादकबाईंचा फोन आला आणि "यंदा दिवाळी अंकात तुमच्या नोकरीवर लिहा" असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं नंबर चुकला. आपल्या मंडळात बँकेतले साहेब आहेत, कॉम्प्युटरमधले आहेत, बदली होऊन आलेले मोठे अधिकारी आहेत. मी सातवी पास. आठवीत नाव घातलं होतं, पण हायस्कूल पलीकडच्या गावात होतं आणि मला धाकटी भावंडं होती, त्यामुळं ते नाव पटावरच राहिलं.

"बाई, मी काय लिहिणार?" मी म्हटलं.

"तुम्ही झाडं शिवता ना? तेच लिहा. आमच्या ह्यांना मी सांगितलं तर ते म्हणाले, झाडं कोण शिवतं, चप्पल शिवतात."

तर सांगते. मी झाडं शिवते.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या कोरड्या भागात. तिकडची निम्मी माणसं सोनं-चांदी आटवायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. आमचे हे बडाबाजारात एका गलाईच्या दुकानात कामाला, म्हणून लग्नानंतर मी इथं बंगालात आले. भाषा येत नव्हती. शिवणयंत्र मात्र माहेरनं आणलं होतं. बालीगंजात एका जिन्याखाली बसून साड्यांना फॉल-पिको करायचे. तिथं सान्याल सरांच्या मिसेस साड्या टाकायच्या. एकदा साडी न्यायला स्वतः सर आले, फॉलचा हातटाका उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "गाठ कुठं दडवलीस?" मला वाटलं काहीतरी चुकलं. मी घाबरून गाठ दाखवली. ते म्हणाले, "उद्यापासून माझ्याकडं ये."

मला अजून कळलेलं नाही की माझ्यासारख्या बाईला त्यांनी कशाच्या भरवशावर बोलावलं. पण त्या एका वाक्यावर आमच्या घरात बरंच काही उभं आहे. दरवर्षी माझ्या कामाची मुदत वाढवून मिळते आणि ती वाढेपर्यंत मी घरात नवी वस्तू आणत नाही.

सरांची जागा म्हणजे हर्बेरियम. वाळलेल्या झाडांचं ग्रंथालय म्हणा. संस्थेचं नाव लिहीत नाही, विचारल्याशिवाय लिहू नये. कुणी संशोधक रानातून, नदीकाठावरून झाड मुळासकट उपटून आणतो. ते टीपकागदात दाबून वाळवायचं. कीड मरावी म्हणून थंड पेटीत ठेवायचं. मग माझ्या टेबलावर येतं. जाड कागदावर ते मांडायचं, एखादं पान उलटं ठेवायचं म्हणजे मागची बाजूही दिसेल, आणि देठांवरनं पांढऱ्या दोऱ्याचे आडवे टाके घालायचे. गाठ कागदाच्या मागं. गळून पडलेल्या बिया टाकून द्यायच्या नाहीत, त्यांच्यासाठी कागदाचं छोटं पाकीट चिकटवायचं. उजव्या कोपऱ्यात, खाली थोडी जागा सोडून, चिठ्ठी: कुठं मिळालं, कुणी आणलं, उंची किती, रंग कसा होता. वाळलेल्या झाडाला रंग आणि उंची सांगता येत नाही, म्हणून ते माणसानं लिहायचं.

आणि एक नियम. चिठ्ठीवरचं नाव पुढं कुणाला चुकीचं वाटलं तरी जुनी चिठ्ठी काढायची नाही. नवीन नावाची छोटी चिठ्ठी तिच्या खाली चिकटवायची. काही जुन्या कागदांवर अशा एकाखाली एक चिठ्ठ्या आहेत, जणू एकाच घराच्या दारावर चार भाडेकरूंच्या पाट्या.

मला सुरुवातीला हे सगळं डोक्यावरून जायचं. अजूनही जातं. नमुना म्हणून चाकवताचंच घ्या.

चाकवत आपण ताकातला करतो, लसणाची फोडणी देतो, वरून शेंगदाणे. इथं बंगाल्यांत त्याला बेतो म्हणतात, हिंदीवाले बथुआ. त्याचं शास्त्रातलं नाव बदकाच्या पायावरून पडलंय, पान तसं तीन टोकांचं असतं म्हणून. पण नीट बघा, एकाच झाडाला खालची पानं बदकाच्या पायासारखी, मधली वेगळी आणि शेंड्याकडची अगदी निमुळती. मग ओळखायचं कशावरून? सर म्हणतात, बियांवरून. टाचणीच्या डोक्याएवढी काळी बी, ती भिंगाखाली धरायची, तिच्यावर रेघा आहेत की खळगे आहेत ते बघायचं. मी बघितलं. मला प्रत्येक वेळी चमकणारा काळा खडा दिसला.

एकदा खिदिरपूरच्या गोदीतून एक पुडी आली. परदेशातनं कुणी भगरीसारखं पांढरं धान्य मागवलं होतं, त्यात काळे दाणे निघाले, तर हे तण आहे का अशी कस्टमवाल्यांची विचारणा होती. सर बघून म्हणाले, पांढरं ते परदेशी चाकवताच्या जातीचं, काळंही त्याच घराण्यातलं. व्यापाऱ्याचा माणूस बाहेर बाकावर ताटकळत बसला होता. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "सर, भावकीच आहे तर सोडून द्या ना." सर हसले, पण सोडलं नाही.

त्या घराण्याचीही एक गंमत. पूर्वी चाकवत, पालक, बीट यांचं स्वतंत्र घराणं होतं. त्यांचं कपाट वेगळं. मग वरून ठरलं की हे घराणं मोडायचं आणि माठ-राजगिऱ्याच्या घराण्यात घालायचं. आम्ही हातगाडीवरून सगळे गठ्ठे एका कपाटातून दुसऱ्यात नेले. मी सरांना विचारलं, "झाडानं काय केलं?"

"झाडानं काहीच केलं नाही. आपल्याला नातं उशिरा कळलं."

"म्हणजे लग्न होऊन नाव बदललं तसं?"

"नाही, नाही. आधीपासूनच तेच होतं असं समज."

मी समजले असं म्हटलं. समजले नव्हते. आधीपासून तेच होतं तर इतकी वर्षं वेगळ्या कपाटात का होतं?

आता खरी गोष्ट. बराकपूरहून एक निवृत्त फौजी यायचे. आम्ही त्यांना कर्नलबाबू म्हणायचो. ते कर्नल नव्हते, हे त्यांनी आम्हाला बऱ्याचदा सांगितलं होतं. नदीकाठानं फिरायला जायचे आणि वेगळं काही दिसलं की डब्यातून घेऊन यायचे. पोळीचा डबा, त्यात ओला रुमाल, त्यात झाड. नव्वद टक्के वेळा ते अगदी साधं तण निघायचं. एका हिवाळ्यात त्यांनी डबा उघडला आणि म्हणाले, "हा बघा एक बेशिस्त शिपाई. किती सांगितलं तरी उभाच राहत नाही."

आत चाकवत होता. मी तरी चाकवतच म्हणाले असते. तीच पिठूळ पानं, तोच वास. पण सगळा जमिनीला चिकटून वाढलेला. मूळ मधोमध आणि फांद्या चारी बाजूंना पसरलेल्या, घोट्याच्या वर काही नाही. त्या काठावर तसा पुष्कळ आहे, असं ते म्हणाले.

सरांच्या हाताखाली तेव्हा शर्मिष्ठा नावाची मुलगी संशोधन करत होती. बारीक, चष्मा, बोलताना दोन्ही हात हलवणार. मला बौदी म्हणायची, म्हणजे वहिनी. तिचा विषयच चाकवताच्या जाती हा होता. तिनं तो डबा बघितला आणि तिचे हात थांबले. दुसऱ्याच दिवशी कर्नलबाबूंबरोबर काठावर जाऊन झाडं घेऊन आली.

ती झाडं माझ्या टेबलावर आली तेव्हा मी अडकले. आमच्याकडं मूळ खाली, शेंडा वर. सगळी झाडं कागदावर उभी असतात, वेलसुद्धा. हे कसं लावायचं?

"जसं बसलंय तसंच," शर्मिष्ठा म्हणाली. "बौदी, हे जर उभं शिवलंत तर माझी तीन वर्षं गेली."

मी मूळ कागदाच्या मध्यावर ठेवलं आणि फांद्या चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरून शिवल्या. रांगोळी काढल्यासारखं झालं. सरांनी बघितलं आणि "हूं" म्हणाले. सरांचं हूं म्हणजे बरंच काही.

शर्मिष्ठाचं म्हणणं होतं की हा वेगळ्या जातीचा चाकवत आहे, इथल्याच मातीतला, आजवर कुणी न नोंदवलेला. तसं ठरलं असतं तर त्याला नाव द्यायचा मान तिचा. नाव तिनं ठरवलंही होतं. फक्त मला सांगितलं होतं, पायरीवर बसून मुढी, म्हणजे चुरमुरे, खाताना. ते नाव मला पाठ आहे, पण इथं लिहिणार नाही. आमच्या धंद्यात रीतसर जाहीर होण्याआधी नाव कुठंही छापायचं नसतं, घोटाळा होतो. दिवाळी अंकातही नाही.

सरांनी मात्र अडवलं. म्हणाले, "आडवं आहे हे दिसतंय. का आडवं आहे ते सांग. रक्तातच आहे, का जागेमुळं झालंय? शिष्यवृत्ती पुढच्या उन्हाळ्यात संपते. त्याच्या आत दाखव."

दाखवायची रीत सोपी होती. मलासुद्धा कळली, म्हणजे सोपीच. आडव्याचं बी आणि साध्या उंच चाकवताचं बी घ्यायचं. सारख्या कुंड्या, सारखी माती, सारखं पाणी. आडव्याची पोरं आडवीच राहिली तर जात वेगळी. उभी राहिली तर नदीकाठच्या जागेनं त्याला बसवलं होतं, जात तीच.

संस्थेच्या छपराचं काम चाललं होतं, कुंड्या ठेवायला जागा नाही. मी म्हटलं, "आमच्या घरमालकिणीचं छत मोकळं असतं. पाणी मी घालीन." म्हणून गेले आणि मग आठवलं, मालकिणीला विचारलेलंच नाही. पण शब्द गेला होता.

आमच्या घरमालकीण म्हणजे माशीमा, बांगलात मावशी. विधवा, पांढरी साडी, मूलबाळ नाही. मला बोउमा म्हणतात, म्हणजे सूनबाई. मी इथं नवीन असताना बाजारात कुणाशी कसं बोलायचं, कोणता मासा ताजा हे सगळं त्यांनी शिकवलं. आम्ही मासे खात नाही हे कळल्यावरही शिकवलं. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी मला आईसारखं भरवलं होतं. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "छत तुझंच आहे. काय लावणार?"

"बेतो," मी म्हटलं.

"वा!" म्हणाल्या. चेहरा एकदम फुलला. तो का फुलला हे मी त्या वेळी विचारायला हवं होतं.

दुर्गापूजेच्या महिनाभर आधी बी पेरलं. प्रत्येक कुंडीत एक काडी, काडीवर शर्मिष्ठाच्या खुणा. काही कुंड्या जागा पुरेना म्हणून पाण्याच्या टाकीमागं ठेवल्या. दर शनिवारी ती फूटपट्टी घेऊन यायची. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचे, आणि खरं सांगते, माझ्या पोरांकडं मी इतकं वाकून बघितलं नसेल. उगवली तेव्हा सगळी सारखी. मग हळूहळू एका बाजूच्या कुंड्यांतली सरळ वर गेली, गुडघ्याला लागली. दुसऱ्या बाजूची पसरली. आडव्याची पोरं आडवी! शर्मिष्ठानं मला मिठी मारली. फूटपट्टी माझ्या पाठीत टोचली.

"बौदी, नाव नक्की झालं असं समजा. फुलं आली, बी धरलं की संपलं."

काली पूजा आली. म्हणजे आपली दिवाळी. आपल्या नरकचतुर्दशीलाच इथं भूतचतुर्दशी असते. त्या दिवशी मी पहाटे पोरांना उटणं लावून आंघोळी घातल्या आणि चकल्या तळायला बसले. दुपारी माशीमांनी खालनं हाक मारली. एका वाडग्यात गरम भात, त्यावर हिरवी भाजी.

"आज चौदा पाल्यांची भाजी खायची असते," त्या म्हणाल्या. "पूर्वजांसाठी. संध्याकाळी चौदा दिवे. खा, गरम आहे."

मी हात धुऊन पहिला घास घेतला. कडू, उग्र, कुठं आंबट. आणि त्याच्या मागनं एक ओळखीची चव आली. ताक नव्हतं, लसूण नव्हता, पण ती चव माझ्या आईच्या हातची होती. डोळ्यात पाणी आलं. मी आणखी एक घास घेतला.

"माशीमा, यात चाकवत आहे?"

"बेतो! चौदांमधला एक. बाजारात सगळे पाले चिरून एकत्र विकतात, त्यात काय घालतात देवाला ठाऊक. यंदा म्हटलं, बोउमानं माझ्यासाठी घरी लावलाय. सकाळी अंघोळ करून सोवळ्यात शेंडे खुडले. सगळ्या गल्लीला वाटी-वाटी दिली."

घास तोंडातच राहिला. गिळावा का टाकावा? तो बराकपूरचा होता का बाजारातल्या बियाचा? पूर्वजांच्या नावाचं अन्न टाकायचं तरी कसं? मी गिळला. वाडगा ठेवून जिन्यानं वर पळाले.

सगळ्या कुंड्यांचे शेंडे खुडलेले. अगदी नीट, नखानं, बायका भाजी खुडतात तसे. उंच आणि आडवी, दोन्ही. काड्या जागच्या जागी. माशीमांनी एक काडीसुद्धा हलवली नव्हती. टाकीमागच्या कुंड्या तेवढ्या शाबूत, कारण माशीमांना गुडघे दुखतात, तिकडं त्या वाकत नाहीत.

मी तिथूनच फोन लावला. शर्मिष्ठाला सांगताना मला हिंदीही येईना आणि बांगलाही. शेवटी म्हटलं, "खाल्लं."

"काय खाल्लं?"

"तुझं. आम्ही. सगळ्या गल्लीनं."

ती घरची पूजा सोडून आली. छताच्या कट्ट्यावर बसली आणि कुंड्यांकडं बघत राहिली. तेवढ्यात माशीमा धापा टाकत जिना चढून आल्या, हातात चहा आणि संदेश मिठाईची बशी. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्या आधी माझ्याकडं बघत राहिल्या, मग तिच्याकडं.

"शिकलेल्या मुली भाजी लावतात आणि खात नाहीत?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. मग बशी तशीच धरून म्हणाल्या, "मला वाटलं बोउमानं माझ्यासाठी लावलं."

शर्मिष्ठानं बशी घेतली. त्यांना खाली बसवलं. आणि मला म्हणाली, "बौदी, चव कशी होती? उंचाची आणि आडव्याची वेगळी लागली?"

"चौदा पाले एकत्र होते गं."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी दोघींच्या मध्ये उभी. कुणाचा हात धरावा ते कळेना. एक जेवू घालणारी, आणि दुसरीचं काम मी जेवून बसलेले.

मला वाटलं माझं काम गेलं. सोमवारी सरांकडं गेले, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कुंड्यांना पाणी घातलंस आज?" घातलं होतं. "मग जा, शिवायला बस."

शर्मिष्ठा शनिवारी येत राहिली. आता मोजायला काय उरलं होतं? पण कार्तिक सरला तसं एक विचित्र दिसायला लागलं. शेंडा खुडला की झाड खालच्या बाजूनं फुटतं, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे, मेथीचं तसंच होतं. उंच चाकवताला बुडापासून फांद्या फुटल्या. त्या पसरल्या. वर जायचं सोडून तो चारी बाजूंना लोळला. थंडी पडेपर्यंत अशी वेळ आली की एका बाजूची आणि दुसऱ्या बाजूची झाडं जुळ्या बहिणींसारखी. शर्मिष्ठानं दोन कुंड्यांच्या काड्या मुठीत लपवल्या.

"सांगा बौदी, यातलं नदीचं कुठलं?"

मी रोज पाणी घालणारी. जवळ जाऊन, वाकून, वास घेऊन सांगितलं. चुकलं. पुन्हा सांगितलं. पुन्हा चुकलं. ती स्वतःही फोनमधला मी शिवलेल्या कागदाचा फोटो कुंडीशेजारी धरून उभी राहिली. खुडलेला साधा चाकवत हुबेहूब त्या रांगोळीसारखा दिसत होता.

"काठावर कुणी खुडत असेल तर?" ती म्हणाली.

आम्ही दोघी सियालदाहून लोकल धरून बराकपूरला गेलो. कर्नलबाबू स्टेशनवर घ्यायला आले, डबा बरोबर. नदीकाठाला वीटभट्टी आहे, भट्टीवरच्या बिहारी बायका काठावर बसून पदरात बथुआ खुडत होत्या. अगदी माशीमांसारख्या, नखानं. एकीशी मी बोलले. ती म्हणाली, थंडीत रोजच खुडतो, भातात घालतो, आमच्या आधीच्याही खुडायच्या.

शर्मिष्ठानं कर्नलबाबूंकडं बघितलं. "तुम्ही कधी सांगितलं नाही?"

ते ताठ उभे राहिले. "तुम्ही झाडाचं विचारलंत, मी झाड दिलं. बायकांचं कुणी विचारलंच नाही. मी तर फिरताना त्यांच्याकडं बघतही नाही, बरं दिसत नाही ते."

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. मी पिशवीतून चिवडा काढला. तिनं मूठभर घेतला आणि म्हणाली, "म्हणजे बायकांनी खुडून खुडून त्याला बसवलं. मी त्याला नाव देत होते."

मला वाटलं, आता निदान उत्तर तरी सापडलं. कितीही वाईट असलं तरी उत्तर. पण नदीची पोरं खुडायच्या आधीच आडवी होती, हे त्या गडबडीत आम्ही विसरलो होतो; आणि टाकीमागच्या कुंड्या होत्या ना, माशीमांचा हात न लागलेल्या. त्यांच्यात नदीच्या बियाची झाडं होती. कुणी खुडली नव्हती, तरी त्यातली बरीचशी आडवीच पडली होती. आणि त्यातलीच थोडी पुढं थंडीत छान उभी राहिली होती, सरळ, शिपायासारखी. एकाच मुठीतलं बी, एकच माती. टाकीच्या सावलीनं झालं म्हणावं तर सावली सगळ्यांवर सारखीच.

शर्मिष्ठानं बिया भिंगाखाली घातल्या. तिला रेघा साध्या चाकवतासारख्या वाटल्या. सरांना एखाद्या बीवर वेगळ्या वाटल्या. दोघं एका खोलीत दुपारभर वाद घालत होते आणि मी बाहेर सुईत दोरा ओवत ऐकत होते. शेवटी धीर करून दार ढकललं.

"सर, मग ते रक्तातलं आहे का खुडल्यामुळं आहे?"

"दोन्ही असेल," सर म्हणाले. "पिढ्यान् पिढ्या खुडत गेलं तर जी आडवी राहून बी टाकतात तीच टिकतील. खुडण्यानंच हळूहळू जात घडत असेल. किंवा नसेल."

"मग जात वेगळी का तीच?"

त्यांनी चष्मा काढला. "माहीत नाही."

माझ्या शाळेत 'माहीत नाही' म्हटलं की गुरुजी हात पुढं करायला लावायचे. म्हणून मी गप्प बसायला शिकले, आणि खरं सांगायचं तर आठवीत न जाण्यात भावंडांइतकाच त्या छडीचाही वाटा होता. आणि इथं सर, ज्यांना परदेशातून पत्रं येतात, ते इतक्या सहज ते दोन शब्द बोलले की मी दारातच उभी राहिले.

"दोन्ही हे उत्तर असू शकतं," ते शर्मिष्ठाला म्हणाले. "पण त्याला तुझं नाव आज देता येणार नाही. मुदत संपेपर्यंत तू एवढंच लिहू शकतेस."

तिनं तेवढंच लिहिलं. नवी जात नाही, नाव नाही. आडव्या चाकवताबद्दल काय दिसलं आणि काय कळलं नाही, याचं एक प्रकरण. प्रबंध वेळेत गेला, पदवी मिळाली. आभाराच्या पानावर माशीमांचं नाव आहे. मी त्यांना ते वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खाल्ल्याबद्दल आभार मानतात?" आणि ते पान देवघरात ठेवलं.

शर्मिष्ठाला उत्तर बंगालमध्ये एका कॉलेजात नोकरी लागली. बरी आहे, पण तिथं हर्बेरियम नाही. जायच्या आदल्या दिवशी ती माझ्या टेबलाजवळ आली आणि आडव्या चाकवताचा तो कागद काढून मागितला. मूळ मध्ये, फांद्या चारी बाजूंना. टाके शाबूत होते. कोपऱ्यात तिची पहिली चिठ्ठी, ज्यावर तिनं मोठ्या आशेनं पेन्सिलीनं 'नवीन?' लिहिलं होतं. ती काढायची नाही, नियम आहे.

तिनं खिशातून दुसरी चिठ्ठी काढली. घराण्याचं नाव होतं, बदकाच्या पायाचं नाव होतं, आणि पुढं जिथं जातीचं नाव यायला हवं तिथं फक्त "कुठलीतरी" अशा अर्थाची दोन अक्षरं. खाली तिची सही.

"तुम्हीच लावा, बौदी. कागद तुम्ही शिवलाय."

मी गोंद लावला. चिठ्ठी तिच्या पहिल्या चिठ्ठीच्या वरच्या अंगाला चिकटवली. नेहमी आम्ही खाली चिकटवतो. तिनं विचारलं, "वर का?"

"खालची जागा मोकळी राहू दे," मी म्हटलं. "कुणाला तरी कळेल कधी."

मी कागद त्याच्या जाड कागदी वेष्टनात घातला, माठ-राजगिऱ्याच्या कपाटात ठेवला. ते नाव अजून आम्हा दोघींनाच माहीत आहे. त्या कपाटावरनं फडकं फिरवताना माझ्या तोंडात येतं कधी कधी, आणि मी ते तिथंच गिळते.

यंदा माशीमांसाठी मी वेगळी एक कुंडी लावली आहे. बी बाजारचं आणलं, अगदी साधं, उंच वाढणारं. परवा बघितलं तर त्यातलं एक रोप आडवं पडलं आहे. कुणी खुडलेलं नाही. मी शर्मिष्ठाला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "भूतचतुर्दशीपर्यंत माशीमांना छतावर जाऊ देऊ नका."